जावयाची गोळी

सासूबाई घरात कुठल्या खोलीत आहेत, हे मला न बघता कळायचं. त्यांच्या हृदयात धातूची झडप होती. पुण्यात बरीच वर्षं आधी बसवलेली. ती उघडमीट करताना टिकटिक वाजायची. पुण्यातल्या त्यांच्या घराखाली रिक्षास्टँड आणि समोर शाळा, त्यामुळे तिकडे ती कधी कुणाला ऐकू आली नसावी. इकडे अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत मात्र बर्फ पडायला लागला की आमच्या टाउनहाउसमध्ये एवढं सामसूम व्हायचं, की फ्रिजची मोटर थांबली की लगेच आईंची झडप ऐकू यायची.

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आलेले पाहुणे सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसले, की थोड्या वेळानं आपलं मनगट कानाला लावून बघत. मी मुद्दाम काही सांगत नसे. एका काकांनी तर खुर्चीवर चढून आमचं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, हलवलं, आणि ते बंद पडलेलं बघून बुचकळ्यात पडले. आई शेजारी शांतपणे चकली खात होत्या. त्यांना सगळं कळत होतं, आणि त्यांनाही मजा येत होती असा माझा संशय आहे.

आई म्हणजे सासूबाईच. मी त्यांना आई म्हणायचो आणि त्या मला ‘जावईबापू’ म्हणायच्या, तेही माझ्याकडे न बघता, माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघून. सासरे गेल्यावर त्या पुण्यात एकट्या पडल्या, म्हणून बायकोनं त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. ते वर्ष दोन हजार दोन. माझी कंपनी आदल्या उन्हाळ्यात गाशा गुंडाळून मोकळी झाली होती. बायको कन्सल्टिंगमध्ये होती. सोमवारी पहाटे बॉस्टनहून विमान पकडायची आणि गुरुवारी रात्री उगवायची. म्हणजे आठवड्यातले बहुतेक दिवस त्या घरात एक बेकार जावई आणि एक सासू, अशी दोघंच. आमच्यापैकी कुणीच असलं काही मागितलं नव्हतं.

त्यात बायकोचा वटहुकूम: आईला सुरी, किसणी, विळी कशालाही हात लावू द्यायचा नाही. झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून आई रक्त पातळ ठेवायची गोळी घेत, आणि अशा माणसाला साधं बोट कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. चिरायला बंदी म्हणजे पर्यायानं स्वयंपाकाला बंदी. तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे आला. मला भात येत होता. तोही कधी कधी.

इथे आईंचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. त्या ज्या घरात वाढल्या तिथे जावई म्हणजे अधिक महिन्यात अनारशांचं वाण देऊन ज्याच्या पाया पडायचं तो. त्याच्यासमोर आडवं व्हायचं नाही, दुखतंखुपतं सांगायचं नाही, आणि त्यानं दिलेलं नाकारायचं नाही. मी पहिल्या दिवशी केलेली खिचडी बुडाला लागली होती. आईंनी ती संपवली आणि म्हणाल्या, ‘छान झालीये.’

मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी मी ओटमीलला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली. ‘छान झालंय.’ मॅकरोनीची रस्साभाजी केली. ‘छान झालीये.’ पोळीच्या नावाखाली टॉर्टिया आणि काकवीच्या नावाखाली मेपल सिरप दिलं. एकदा टोफूचं श्रीखंड केलं, आणि ते मला स्वतःला दुसऱ्या घासाला गिळवेना. आई वाटी चाटूनपुसून मोकळ्या झाल्या आणि माझ्या डाव्या खांद्याला म्हणाल्या, ‘छान झालंय हो.’ बिनकामाच्या माणसाला एवढी करमणूक पुरेशी असते. शनिवारच्या पार्ट्यांमध्ये मी हे सगळं हावभावांसकट सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. बायको सोडून.

मग आईंचा मुक्काम वाढला. बायकोनं व्हिसाची मुदत वाढवून घेतली, आणि त्यांनी आणलेल्या गोळ्या तेवढ्या दिवस पुरणार नाहीत हे लक्षात आलं. पुण्याच्या डॉक्टरांची ती गोळी पांढरी, इवलीशी. त्या पट्ट्या आई कमरेच्या कापडी पिशवीत ठेवत. इकडच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ती पट्टी उलटसुलट करून पाहिली. ते म्हणाले, हे औषध या देशात मिळतच नाही, आणि जे मी कधी दिलेलं नाही त्याचं प्रमाण मी कमीजास्त कसं करू? ही बंद करू आणि आमची सुरू करू. काम दोन्हींचं एकच. पण बदलाचे हे दिवस जपायचे. रक्त फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागेल, पुरेसं पातळ राहिलं नाही तर झडपेवर गुठळी बसेल, आणि या वयात दोन्ही गोष्टी जिवावर बेततात. म्हणून दर आठवड्याला बोटातून रक्त काढून तपासायचं. हिरड्यांतून, नाकातून रक्त येतंय का बघायचं, अंगावर काळेनिळे डाग बघायचे, आणि शौचाला काळं होतंय का ते रोज विचारायचं.

बायको गावाला, त्यामुळे दुभाष्या मी. मी सगळं व्यवस्थित मराठीत सांगितलं, ते शेवटचं सोडून. सासूला हे कोण विचारणार? डॉक्टरांनी विचारलं, त्यांना समजलं ना? मी विचारलं, ‘आई, समजलं ना?’ आई म्हणाल्या, ‘हो तर.’

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी एका बशीत इकडची फिकट नारिंगी गोळी आणि शेजारी पाण्याचा पेला असं त्यांच्यापुढे ठेवायला लागलो. बशी एवढ्यासाठी, की माझ्या हातातून थेट गोळी उचलायला त्यांना अवघड वाटायचं. त्या पदर सारखा करून गोळी तोंडात टाकत, पाणी पीत, आणि बशी परत देताना म्हणत, ‘छान.’

पहिल्या तपासणीत रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ निघालं. नर्सनं भाज्यांची चौकशी केली. पालेभाजीनं या गोळीचा असर बदलतो, ती रोज साधारण तेवढीच खा, एकदम कमीजास्त करू नका म्हणाली. मग विचारलं, आणखी काही औषध? मी आईंकडे वळलो. ‘आई, दुसरं काही औषध घेता का?’

‘छे हो,’ आई म्हणाल्या. ‘दुसरं काय घेणार?’

नर्सनं माझी नारिंगी गोळी अर्धी केली आणि पुढच्या शुक्रवारी बोलावलं.

त्या आठवड्यात आई घरातही बायकोचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालायला लागल्या. हीटिंग एवढं होतं की मी टी-शर्टवर हिंडत होतो. विचारलं तर म्हणाल्या, ‘उबदार आहे हो छान.’ सफरचंदाची फोड द्यायला गेलो, तर ती घेतली आणि बराच वेळ हातातच धरून बसल्या. हाताच्या मागे एक जांभळा डाग दिसला. म्हणाल्या, दाराला लागलं. बायकोचा फोन आला की आई तिच्याशी हवापाण्याचं बोलत, कारण मी तिथेच बसलेला असे. मग मी फोन घ्यायचो. ती विचारायची, ‘आई ओके आहे ना? नीट बघतोयस ना तू?’ मी म्हणायचो, छान आहेत.

बुधवारी दुपारी मी तळघरातल्या वॉशिंग मशीनमधून कपडे काढून वर आलो, तर आई सोफ्याच्या अगदी कडेला ताठ बसलेल्या. पदर नाकाशी. मांडीवर पेपर नॅपकिन, आणि ते लाल. ‘जरा सर्दी झालीये,’ त्या पदरातून म्हणाल्या. मी बर्फ आणला, नाक दाबून धरायला सांगितलं, डोकं पुढे घ्यायला सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. रक्त काही ऐकेना. नॅपकिनचा गठ्ठा संपत आला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि टिकटिक नेहमीपेक्षा भरभर चालली होती. मला पहिल्यांदा भीती वाटली.

‘आई, उठा. हॉस्पिटलला जाऊ.’

‘जाऊ की,’ त्या म्हणाल्या. ‘आधी तुम्ही जेवून घ्या.’

‘माझं जेवण झालंय.’

‘मग जाऊच. उद्या ती आली की तिघं मिळून जाऊ.’

त्या कधी नाही म्हणत नसत. हो म्हणत, आणि त्या होकारात गोष्ट इतकी लांब नेऊन ठेवत की ती पुन्हा सापडू नये. मी दोनदा कोट आणून पुढे धरला. ‘छान आहे,’ म्हणाल्या आणि मांडीवर घेऊन बसल्या. त्यांना उचलून गाडीत घालावं, तर तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. तेव्हा मला एकच सुचलं. मी जिन्याच्या पायरीवर मटकन बसलो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘आई, मला छातीत कसंतरी होतंय.’

एवढ्या चपळाईनं उठलेल्या आई मी ना आधी पाहिल्या होत्या, ना नंतर पाहिल्या. एका हातानं नाक दाबत त्यांनी दुसऱ्या हातानं साडीवर कोट चढवला, लेकीचे बर्फातले बूट पायात सरकवले आणि मला दंडाला धरून उठवलं. ज्याच्या छातीत दुखतंय त्यानंच गाडी का चालवायची, हे त्यांनी विचारलं नाही. जावई चालवतो म्हणतोय, तर चालवेल. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. आई नॅपकिनमधून पुटपुटत होत्या, बहुतेक रामरक्षा. मध्येच थांबून त्यांनी माझा खांदा चोळला. मग कमरेची पिशवी सोडली, त्यातून काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

‘ही घ्या आधी. हृदयाचीच आहे. पाण्यावाचून गेली तरी चालते.’

मी बघितलं. पुण्याची पांढरी गोळी. पट्टीतली एवढी एकच उरली होती.

‘आई,’ मी म्हणालो, ‘ही बंद केली होती ना आपण?’

‘तुमची सुरू केली की.’

‘तुमची म्हणजे?’

‘संध्याकाळची. बशीतली.’

‘आणि ही?’

‘ही माझी. सकाळी देवापाशी दिवा लावला की घेते. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ही एक दिवसही चुकवायची नाही.’

मी गाडी एका डोनटच्या दुकानासमोर घातली आणि कचकन ब्रेक दाबला. माझं डोकं फिरलं होतं. एक नव्हे, रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या ही बाई रोज घेत होती, आणि मी तपासणीला नेऊन तिकडे अर्ध्या गोळीचे हिशेब करत होतो. ‘दोन्ही?’ मी ओरडलो. ‘तुम्ही दोन्ही घेत होतात? मी विचारलं होतं! नर्ससमोर विचारलं होतं तुम्हाला!’

‘ओरडू नका हो,’ आई घाबरून म्हणाल्या. ‘छातीत दुखतंय ना तुमच्या.’

‘माझ्या छातीला काही झालेलं नाही! तुम्हाला गाडीत घालायला खोटं बोललो मी!’

गाडीत फक्त झडप वाजत राहिली. आईंनी पट्टी हळूच परत पिशवीत ठेवली.

‘तुमच्या तोंडावर कसं सांगणार,’ त्या म्हणाल्या, ‘की तुमच्या गोळीवर माझा भरवसा नाही? तुम्ही एवढी बशीतून आणून देता. आणि ती घेतली, म्हणून माझी कशी सोडू? मग घेतल्या दोन्ही. तुमचाही मान राहिला, आमच्या डॉक्टरांचाही.’

मला त्यांचा एवढा राग आला होता की स्टिअरिंगवर हात आपटावासा वाटला. आणि त्याच वेळी त्या नाक दाबून, लेकीचे बूट घालून बसलेल्या दिसत होत्या, आणि मला रडू येईल असं वाटलं. मी गाडी परत रस्त्यावर घेतली.

‘तुम्ही खोटं बोललात, म्हणजे मीही आता खरं सांगते,’ आई म्हणाल्या. आता त्या काचेतून सरळ पुढे बघत होत्या. ‘कालपासून पोटाचं बरं नाही. सकाळी जाऊन आले तर... सगळं काळं होतं. डांबरासारखं.’

त्यांनी हे जावयाला सांगितलं. आयुष्यात त्यांना याहून अवघड काही करावं लागलं असेल असं मला वाटत नाही. डॉक्टरांच्या सांगण्यातलं मी मराठीत न आणलेलं वाक्य ते हेच. काळं म्हणजे पोटात कुठेतरी रक्त वाहतंय. मी उरलेला रस्ता कसा कापला ते मला आठवत नाही.

हॉस्पिटलच्या खिडकीशी मी आईंकडे बोट दाखवून पेशंट या आहेत म्हटलं, तेव्हा त्या बिचाऱ्या अजून माझा दंड धरून उभ्या होत्या. त्यांना लगेच आत घेतलं. रक्त एवढं पातळ झालं होतं की तरुण डॉक्टरीणबाईंनी आकडा बघून तपासणी पुन्हा करायला लावली. कुठलं औषध जास्त झालं, त्यांनी विचारलं. मी दोन्ही सांगितलं. का घेतली दोन्ही, त्यांनी विचारलं.

‘कारण मी त्यांचा जावई आहे,’ मी म्हणालो.

बाईंचं पेन थांबलं. मी समजावून सांगायला लागलो आणि अधिक महिन्यापाशी येऊन थांबलो. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं त्यानं माझी गंमत करण्याची खोड बराच काळ जिरली. साध्या पेशंटला त्यांनी उतारा देऊन रक्त झटकन जाग्यावर आणलं असतं. आईंना तसं करता येत नव्हतं. एकदम घट्ट केलं तर धातूच्या झडपेवर गुठळी बसणार. तेव्हा उतारा थोडा थोडा द्यायचा, मध्ये मध्ये तपासायचं, आणि तोवर पोटातलं वाहणं आटोक्यात राहील अशी आशा करायची.

मी पलंगाशेजारी बसून टिकटिक ऐकत राहिलो. तिथे यंत्रांचा एवढा गलबला होता की मला खाली वाकून कान द्यावा लागायचा. आईंना संकोच वाटून त्या डोळे मिटून घेत. मी तरी वाकायचो. पॉटलकला हिच्यावरून किती हसलो होतो मी, आणि आता ती ऐकू आली नाही तर काय, याखेरीज मला काही सुचत नव्हतं.

बायको मिळेल ते विमान पकडून आली. आधी आईला भेटली, मग मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली.

‘तुला कळलं कसं नाही?’ ती म्हणाली. ‘ती तुला नाही म्हणू शकत नाही, हे तूच सगळ्या पार्ट्यांना अॅक्टिंग करून सांगतोस ना?’

मी आत जाऊन पुन्हा पलंगाशी बसलो.

आई वाचल्या. पोटातली जखम लहान होती, रक्त हळूहळू जागेवर आलं, आणि झडपेनं एकदाही दगा दिला नाही. काही दिवसांनी त्यांना घरी सोडलं, ते फिकट जांभळी, कमी ताकदीची गोळी देऊन. कमरेच्या पिशवीत उरलेली पट्टी बायकोनं आईच्या देखत कचऱ्यात टाकली. आईंनी त्या गोळीला मनातल्या मनात नमस्कार केला असावा. निदान ओठ हलले.

बायकोनं तो आठवडा रजा काढली, पण त्यापुढच्या सोमवारी तिला जाणं भाग होतं. नोकरी एकटीचीच होती. ‘मी जाऊ की नको ते तू सांग,’ ती मला म्हणाली. ‘तू चुकून काहीही पुढे ठेवलंस आणि ती ते गिळणार असेल, तर मी जाणार नाही. मग जे व्हायचं ते होईल.’

मी आईंची शाळा घ्यायचं ठरवलं. त्यांना गोळीचा रंग पाठ करायला लावला. ‘जांभळी,’ त्या आज्ञाधारकपणे म्हणाल्या. ‘दुसरी कुठली दिली तर?’ ‘घ्यायची नाही.’ शंभर टक्के गुण. त्याच संध्याकाळी मी बशीत एक पांढरी पेपरमिंटची गोळी ठेवली. आईंनी पदर सारखा केला, ती तोंडात टाकली, पाणी प्यायल्या.

‘छान,’ त्या म्हणाल्या. ‘आजची गार आहे.’

दुसऱ्या दिवशी मी मनुका ठेवली. अहो, मनुका! तीही पाण्याबरोबर गेली. ‘मऊ करतात हो इकडच्या,’ आई म्हणाल्या. शेजारच्या खोलीत बायकोनं कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला. एरवी हा किस्सा मी शनिवारपर्यंत पोटात ठेवू शकलो नसतो. त्या दिवशी मला जराही हसू आलं नाही. मी खरी गोळी आणून दिली आणि समोर बसलो.

‘आई, उद्या मी या बशीत विष ठेवलं तरी घ्याल?’

‘तुम्ही कशाला विष ठेवाल?’ त्या म्हणाल्या. माझ्या खांद्याकडे नाही, माझ्याकडे बघून.

‘ठेवणार नाही. पण चुकेन ना. बाटल्या सारख्या दिसतात. घाईत असलो, फोनवर असलो, तर दुसरीच गोळी ठेवीन. मी चुकतो, आई.’

‘ते माहितीये मला,’ आई पटकन म्हणाल्या, आणि जीभ चावली. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. ‘पण म्हणायचं कसं हो? सवय नाही.’

रविवार उजाडला. वर बायको अर्धी बॅग भरून बसली होती, आणि उरलेली भरायची की नाही याची वाट बघत होती. संध्याकाळी मी उपम्याचा रवा भाजायला घेतला, आणि बशीत पुन्हा पेपरमिंट ठेवून ती बशी टेबलावर आईंपुढे सरकवली. गॅसकडे तोंड करून उभा राहिलो. मला बघवत नव्हतं.

पदर सारखा केल्याची सळसळ आली. मग काहीच नाही. फक्त टिकटिक. मी वळून बघितलं. आईंनी चष्मा लावला होता आणि गोळी दोन बोटांत धरून दिव्याकडे करून बघत होत्या. ती त्यांनी परत बशीत ठेवली. मग एका बोटानं बशी टेबलावरून माझ्याकडे ढकलली.

‘नाही,’ आई म्हणाल्या.

आवाज एवढा लहान, की मला वाटलं त्या पुन्हा गिळणार. मी मुद्दाम म्हणालो, ‘घ्या हो आई, एवढी प्रेमानं दिलीये.’

‘नाही घेणार. ही माझी नाही. माझी जांभळी. आणि परवा ती मनुका होती. मला काय मनुका कळत नाही?’

‘मग खाल्लीत कशाला?’

‘आता नाही खाणार,’ आई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि गालांवर जरा रंग आला होता. ‘आणि ओटमीलला फोडणी देत नाहीत. त्या मॅकरोनीला रस्सा करत नाहीत. श्रीखंड कशाचं केलं होतं कुणास ठाऊक, मी देवाचं नाव घेऊन गिळलं ते. आणि हा रवा जळतोय.’

वर जिन्याच्या टोकाशी बायकोची पावलं आली होती. ती तिथेच थबकली, खाली आली नाही. पावलं परत गेली आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

आई उठल्या. गॅसपाशी आल्या, माझ्या हातातून उलथणं काढून घेतलं आणि कोपरानं मला बाजूला सारलं. रवा खाली उतरवला.

‘सुरीला हात लावायचा नाही, आई,’ मी म्हणालो. ‘वटहुकूम आहे.’

‘नाही लावत. तू चीर.’ त्यांनी कांदा आणि चिरायचा पाट माझ्यापुढे सरकवला. ‘बारीक चीर.’

मी जीव ओतून कांदा चिरायला घेतला. त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या, टिकटिक संथ चालली होती, आणि मला वाटत होतं की आपलं फार बरं चाललंय. त्यांनी मान वळवून पाटाकडे बघितलं.

‘हे बारीक नाही,’ आई म्हणाल्या.